चहात कॉफी, कॉफीत जायफळ

चहात कॉफी ओतून पितात असं सांगितलं, तर माझ्या पिढीतल्या कुणाच्याही कपाळावर आठी उमटेल. एक तर चहा घ्या, नाहीतर कॉफी! पण हल्ली परदेशात आणि आपल्याकडच्या मोठ्या शहरांतल्या कॅफेतही ‘चाय लाटे’ मिळतो. (लाटे म्हटलं की मला आधी पोळपाट दिसतो. शब्द इटालियन आहे आणि अर्थ नुसता ‘दूध’.) त्यात एस्प्रेसो म्हणजे दाट कडू कॉफी घातली की त्याचं नाव ‘डर्टी चाय’. मळका चहा! आमच्या नातीला हा मळकाच आवडतो. साधा चाय लाटे म्हणजे नुसतं मसाल्याचं दूध, असं तिचं मत. चिरंजीवांचं म्हणणं असं की मसाल्याचा चहा ही आपली जुनी परंपरा आहे, तिच्यात कॉफीची भेसळ कशाला?

‘परंपरा’ शब्द कानावर पडला की इतिहास शिकवणाऱ्या बाईला गप्प बसवत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

चहात मसाला घालायची चाल खरोखर जुनी आहे, पण ती आपल्या घरांतली नव्हे. ओव्हिंग्टन नावाचा इंग्रज पाद्री १६८९ साली सुरतेच्या प्रवासाला निघाला. (आमच्या सातारकरांना साल लगेच कळेल. संभाजी महाराजांची हत्या झाली तेच वर्ष.) तिथले वाणी लोक चहात उष्ण मसाला उकळतात, खडीसाखर किंवा मुरवलेलं लिंबू घालतात आणि डोकेदुखी, मुतखडा, पोटातली कळ यांवर तो घेतात, असं त्याने नोंदवून ठेवलं आहे. म्हणजे चहा कसला, काढाच की तो! पानं अर्थातच चीनची. आसामच्या चहाचा लंडनमध्ये पहिला लिलाव झाला तो १८३९ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी.

आपल्या परसात होता तो गवती चहा. त्यात नावापलीकडे चहाचा अंशही नाही. सर्दी-पडशाला गवती चहा, आलं, तुळस, गूळ असा काढा आजीबाईच्या बटव्यात होताच. पुढे खरा चहा आला तेव्हा तो या काढ्यात येऊन बसला, असं मला वाटतं. आपण चहात मसाला घातला नाही, मसाल्यात चहा घातला!

आणि आला तोही काही सुखासुखी नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोश्यांनी (आनंदीबाईंचे यजमान, स्वभाव विलक्षण!) सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. मग बहिष्कार, ग्रामण्य, थेट शंकराचार्यांपर्यंत प्रकरण. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ साली घेतलं. एका कपाची ही किंमत! त्या कपात काय होतं याच्याशी कुणालाच कर्तव्य नव्हतं, तो कुणाच्या हातचा होता एवढाच प्रश्न. हे ध्यानात असू द्या, पुढे लागणार आहे.

सामान्य माणसाच्या घरात चहा शिरला तो त्यानंतर, आणि तोही जाहिरातीने. १९०३ साली सरकारने चहाच्या निर्यातीवर उपकर बसवला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३० च्या मंदीत परदेशी गिऱ्हाईक आटलं, तेव्हा मळेवाल्यांना आपली खरी आठवण झाली. दारोदार फिरून चहा करून दाखवायचे. त्यांची पद्धत इंग्रजी: किटलीत पानं, वर उकळतं पाणी, दूध वेगळं, मसाला अजिबात नाही. मसाला, दूध, साखर वाढलं की चहापत्ती कमी खपते, म्हणून मळेवाल्यांच्या संघटनेला टपरीवाल्यांचा मसाला खुपायचा. ज्याला आपण परंपरा म्हणतो, तिला चहा विकणाऱ्यांनीच भेसळ म्हटलं होतं! चिरंजीवांनी नोंद घ्यावी.

मसाल्याची सोय केली ती यंत्राने. मॅककर्चर याने १९३० साली आसामात सीटीसीचं यंत्र काढलं. पान चिरडून, फाडून त्याची गोळी होते. चिमूटभर पत्तीत रंग येतो आणि कितीही उकळली तरी दुधा-आल्यापुढे दबत नाही. स्वातंत्र्यानंतर हीच स्वस्त पत्ती घरोघर आली.

आता आमचं घर. लहानपण साताऱ्याचं. चहा गुळाचा, कारण गूळ घरचा आणि साखर रेशनची. गुळाच्या चहात दूध घालून उकळलं की फाटतं, म्हणून आई कोरा चहा कपात गाळून वर ऊन दूध घालायची. कॉफी मात्र पाहुण्यांची. तीही साखर, वेलदोडा आणि किसलेलं जायफळ घालून, बहुतेक सगळी दुधातच. चहात आलं नि कॉफीत जायफळ, हा आमचा जातिधर्म! त्यांची अदलाबदल कधी झाली नाही. कॉफीने झोप उडते आणि जायफळाने येते, म्हणून जोडी जमली, असं आई सांगे. १९७४ साली लग्न होऊन सांगलीत आले, तर कर्नाटक जवळ असल्यामुळे इथे कॉफी जास्त आणि कडकही. दूध मात्र सातारा-सांगलीचं एकच म्हणायला हरकत नाही. भिलवडीला १९३९ साली डेअरी काढणारे भास्कर गणेश चितळे मूळचे साताऱ्याजवळच्या लिंबचे.

एस्प्रेसोही आम्हाला नवी नाही बरं का! लग्नाच्या हॉलमध्ये कोपऱ्यात फुस्स फुस्स करणारं यंत्र आठवतं ना? ‘एक्स्प्रेसो कॉफी’. कपात इन्स्टंट कॉफी नि साखर, त्यावर वाफेने फेसाळलेलं दूध, वर चॉकलेटी पावडर भुरभुरलेली. तिच्यात एस्प्रेसो नावालाच. खऱ्या एस्प्रेसोत दळलेल्या कॉफीतून दाबाखाली गरम पाणी काढतात. बेत्सेरा नावाच्या इटालियनाने १९०१ साली त्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं.

गेल्या दिवाळीनंतर नातीबरोबर पुण्यात दोन्ही कप समोर घेऊन बसले. साध्या कपात दालचिनी आणि लवंग पुढे, आलं नावालाच, गोडी मात्र भरपूर. चहा तिथे उकळतच नाहीत, बहुतेक ठिकाणी गोड अर्क दुधात मिसळतात. चहाचा तुरटपणा शोधावा लागला. मळक्या कपात पहिल्याच घोटाला कॉफीने गोडी कापली. वेलदोडा हरवला, पण दालचिनी उलट खुलली आणि जिभेवर मागे राहिलं ते थेट आईच्या जायफळाच्या कॉफीसारखं. मला दुसरा आवडला. पण तो मसाल्याची कॉफी म्हणून. चहा दोन्हीत नव्हता! रात्री एक वाजेपर्यंत टक्क जागी होते, तो भाग वेगळा.

अशी मिश्रणं करणारे आपण पहिले नव्हेच. हाँगकाँगमध्ये चहा-कॉफी एकत्र करून दूध घालतात, त्याला चक्रवाकासारख्या एका बदकाच्या जोडीचं नाव आहे. तमिळ घरांत सुंठ, धने आणि ताडगुळाची ‘सुक्कु कापी’ करतात. तिच्यात कॉफी घातली तरी कापी, नाही घातली तरी कापीच! मला ही फार पटली.

शाळेत असताना सुट्टीत गावी जायचो, तिथे एस.टी. थांब्यावर एक हॉटेल होतं. बाहेर भिंतीच्या कोनाड्यात कान तुटलेल्या दोन-तीन कपबश्या उपड्या ठेवलेल्या असत. दलित वस्तीतली माणसं आपला कप आपण घेत, वरून ओतलेला चहा उकिडवं बसून पीत, कप स्वतः विसळून परत कोनाड्यात ठेवत. पैसे तेवढेच. चहाही तोच, आल्याचा. पंचहौदला जमलेल्यांना निदान प्रायश्चित्ताची सोय होती. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा तो कोनाडा रिकामा होता, हॉटेलवाल्याच्या मुलाने तिथे गणपतीची तसबीर लावली होती. कधी, कुणाच्या सांगण्यावरून ते बदललं, गावात विचारलं तर कुणी धड सांगत नाही. असल्या कपबश्या इथे होत्याच कुठे, असंही एकाने ऐकवलं.

पुण्याच्या त्या कॅफेत एका कपाला जे पैसे पडले त्यात सांगलीच्या बसस्टँडवर वीसेक माणसं चहा प्याली असती. कप कागदी, प्रत्येकाचा वेगळा, वर प्रत्येकाचं नाव. माझं त्यांनी चुकीचं लिहिलं होतं.