ही बॅग कोणाची?

२ डिसेंबर २००२ला घाटकोपर स्टेशनबाहेर बेस्टच्या बसमध्ये बॉम्ब फुटला. १३ मार्च २००३च्या संध्याकाळी, म्हणजे ९३च्या स्फोटांना दहा वर्षं झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुलुंड स्टेशनात शिरणाऱ्या कर्जत लोकलमध्ये. त्याच जुलैत पुन्हा घाटकोपर, पुन्हा बस. मग ११ जुलै २००६. पश्चिम रेल्वेवर ११ मिनिटांत सात स्फोट, त्यातला एक जोगेश्वरीला, एक बोरिवलीला.

सीटखाली वाकून बघायची सवय आम्हा उपनगरवाल्यांना लागली ती या चार वर्षांत. पण खरी गोची रॅकची! दारातल्या माणसाची बॅग चार अनोळखी हातांतून आत जाते, वर बसते, आणि मालक तिच्यापासून दहा फुटांवर लोंबकळत असतो. म्हणजे गर्दीत प्रत्येक बॅग बेवारसच की! २००६नंतर काही दिवस डब्यात "ही कोणाची?" असा आवाज यायचा आणि लांबून एक हात वर व्हायचा. मलाही एकदा विचारलं गेलं. राग आला होता, खोटं कशाला बोलू.

हल्ली सहसा कुणी विचारत नाही. बॅग मात्र अजून हातोहात आत जाते, आणि मीही पुढे देतो.