कामियामा : बाहुलीच्या मागून आलेले पाहुणे

खेडें ओस पडूं लागलें म्हणजे आधीं तरुण जातात, मग शाळेंतील मुलें कमी होतात आणि शेवटीं घरांना कुलुपें लागतात. जपानच्या शिकोकु बेटावरील, तोकुशिमा प्रांतांतल्या कामियामा या डोंगराळ गांवानें हें सारें अनुभविलें आहे. १९५५ सालीं पांच खेडीं मिळून हें गांव बनलें, तेव्हां त्याची वस्ती सुमारें २१,००० होती. आज ती ५,००० च्या आसपास उरली आहे. अशा गांवांत देशोदेशींचे कलावंत येऊन राहतात, या गोष्टीचें मूळ एका बाहुलीच्या इतिहासांत आहे.

१९२४ सालीं अमेरिकेनें कायदा करून जपानी लोकांस आपल्या देशांत वस्तीसाठीं येण्याची बंदी केली. दोन्ही राष्ट्रांचीं मनें कलुषित झालीं. हें वैमनस्य निदान मुलांच्या मनांत उतरूं नये, म्हणून सिडनी ग्युलिक या मिशनऱ्याच्या पुढाकारानें १९२७ मध्यें १२,००० हून अधिक अमेरिकन बाहुल्या जपानी शाळांना भेट म्हणून गेल्या. पुढें महायुद्ध भडकलें आणि शत्रूची वस्तु म्हणून त्यांतील बहुतेक नष्ट करण्यांत आल्या. सुमारें ३०० वांचल्या. कामियामांतील जिनर्यो शाळेची ‘अॅलिस’ ही त्यांपैकीं एक. शाळेंतील एका शिक्षिकेनें ती दडवून ठेविली, म्हणून ती राहिली.

अर्ध्या शतकानंतर ओमिनामी शिन्या या गृहस्थांचें लक्ष तिच्याकडे गेलें. बाहुलीबरोबर आलेल्या लुटुपुटीच्या पारपत्रावर पेनसिल्व्हेनियांतील विल्किन्सबर्ग या गांवाचें नांव होतें. १९९१ मध्यें कामियामाची मंडळी अॅलिसला घेऊन तिच्या माहेरीं जाऊन आली, आणि पुढच्याच वर्षीं गांवांत परराष्ट्रीय स्नेहासाठीं एक मंडळ स्थापन झालें.

१९९७ मध्यें प्रांतिक सरकारनें तेथें ‘आंतरराष्ट्रीय सांस्कृतिक ग्राम’ वसविण्याची योजना पुढें मांडली. सरकारनें इमारती बांधाव्या आणि मागाहून त्यांचा भार गांवानें वाहावा, असा प्रकार होऊं नये, म्हणून रहिवाशांनीं आपणच काय करावयाचें तें ठरविलें. १९९९ पासून दर वर्षीं मोजक्या कलावंतांना, बहुधा तिघांना, निमंत्रण जाऊं लागलें. उन्हाळ्याच्या अखेरीस त्यांनीं यावें, सुमारें दोन महिने राहावें आणि शरद ऋतूंत आपलें काम गांवाला दाखवावें, असा परिपाठ पडला.

गांवाजवळ कलेचे जाणकार नव्हते, मोठा पैसाही नव्हता. मात्र शिकोकुच्या ८८ देवालयांच्या यात्रेंतील बारावें देवालय, शोसानजी, याच गांवांत आहे. वाटसरू यात्रेकरूला खाऊंपिऊं घालण्याची तेथील चाल जुनी आहे. तीच चाल कलावंतांच्या कामीं आली. गांवांतील वडीलधारी माणसें त्यांचे ‘बाबा’ आणि ‘आई’ झालीं. कोणी लांकूड आणून दिलें, कोणी जागा दाखविली. प्रेक्षकांची गर्दी जमविण्यापेक्षां कलावंताला येथें राहावेंसें वाटावें, हें धोरण ठरलें.

या सहवासांतून काय निपजलें, याचें एक उदाहरण ओआवा टेकडीवरील झाडींत आहे. इदेत्सुकी हिदेआकी या कलावंतानें २०१२ मध्यें तेथें एक लहानसें ‘गुप्त ग्रंथालय’ उभारलें. त्याची किल्ली गांवकऱ्यांनाच मिळते. शिक्षण संपलें, लग्न झालें, नोकरीतून निवृत्ति मिळाली, अशा तीन प्रसंगीं प्रत्येकानें आपलें एकेक पुस्तक तेथें ठेवावयाचें. गांवाच्या आठवणी गांवाजवळच राहाव्या, एवढाच हेतु.

कलावंतांपैकीं कांहीं तेथेंच स्थायिक झाले. रिकाम्या घरांचीं दारें उघडूं लागलीं. २०१० पासून शहरांतील उद्योगांनीं तेथें आपल्या लहान कचेऱ्या थाटल्या. २०११ मध्यें गांव सोडून जाणारांपेक्षां येणारांची संख्या प्रथमच वाढली. तरीही वृद्धांचे मृत्यु फार आणि जन्म थोडे, म्हणून वस्ती घटतच आहे. ओमिनामी यांनीं तें कधीं लपविलें नाहीं. लोक कमी होणार हें मान्य करून, जे राहतील त्यांचें जीवन भरलेलें असावें, एवढेंच त्यांचें म्हणणें. ज्या शिक्षिकेनें युद्धाच्या दिवसांत परक्याची बाहुली जपली, तिला यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. दारीं आलेल्या पाहुण्याला वाऱ्यावर सोडावयाचें नाहीं, एवढें मात्र तिनें जाणलें होतें.