शर्यतीच्या वेढ्यातले गावकरी



रस्ता अडणे ही गोष्ट आपल्याला नवी नाही. पालखी आली, मिरवणूक निघाली, की आपण बोळाबोळांतून वाट काढतो आणि तासभर उशिरा घरी पोचतो. पण साऱ्या मुलखाभोवती साठ किलोमीटरचे कडे पडावे, आतला माणूस आत आणि बाहेरचा बाहेर राहावा, आणि हे दरवर्षी घडावे, हा प्रकार निराळा. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात आइल ऑफ मॅन नावाचे बेट आहे. लोकवस्ती सुमारे ८४ हजार. तेथील मोटारसायकलींची 'टी. टी.' शर्यत जगाला ठाऊक आहे. मी आज सांगणार आहे ते मात्र शर्यतवीरांविषयी फारसे नाही. ज्यांच्या दारावरून ती जाते त्यांच्याविषयी आहे.

या कथेचा उगम एका कायद्यात आहे. १९०३ च्या मे महिन्यात पॅरिस–माद्रिद मोटार शर्यतीत शर्यतवीर मेले, रस्त्याकडेचे बघेही मेले, आणि ती शर्यत बोर्दो येथेच थांबवावी लागली. उघड्या रस्त्यावर शर्यत म्हणजे काय, हे युरोपला त्या दिवशी कळले. इकडे ब्रिटनमध्ये वेगाची मर्यादा ताशी २० मैल, आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करण्यास पार्लमेंट राजी नव्हते. तेव्हा मोटार क्लबाचे चिटणीस ज्युलियन ऑर्ड १९०४ साली या बेटावर गेले. बेटाला स्वतःचे कायदेमंडळ आहे, त्याचे नाव टिनवॉल्ड. आणि बेटाचे गव्हर्नर लॉर्ड रॅग्लन हे ऑर्ड यांचे नातलग होते. नात्याच्या ओळखीने कामे लवकर होतात, हे काही आपल्याकडचेच वैशिष्ट्य नव्हे! त्याच वर्षी रस्ते बंद करण्याचा कायदा संमत झाला आणि १० मे १९०४ रोजी मोटारींची निवड-शर्यत धावली.

केवळ नात्यासाठी बेटाने हे पत्करले असे मात्र मी म्हणणार नाही. बेटाची उपजीविका बरीचशी उन्हाळी पाहुण्यांवर चाले, आणि हंगाम लवकर सुरू होणे सर्वांच्याच सोयीचे होते. मोटारसायकलींची पहिली शर्यत १९०७ साली, सेंट जॉन्स गावाजवळच्या लहान मार्गावर झाली. १९११ पासून ती स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या मार्गावर आली. हाच तो ३७.७३ मैलांचा वेढा.

आता या इतिहासातली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद होत, पण सराव मात्र पहाटे उघड्या रस्त्यावरच चाले. म्हणजे ज्या वेळी गावाचा कामधंदा सुरू होतो, नेमक्या त्याच वेळी भरधाव मोटारसायकली त्याच रस्त्याने जात. वर्षानुवर्षे हे चालले. १९२७ च्या जूनमध्ये कर्क मायकेल गावाजवळ आर्ची बर्किन हा स्वार समोरून आलेल्या मासळीच्या गाडीला चुकविताना भिंतीवर आदळून ठार झाला. पुढच्या वर्षापासून सरावासाठीही रस्ते बंद होऊ लागले. त्या वळणाला आज बर्किनचे नाव आहे. मासळीवाल्याचे नाव वळणाला कोण देणार? पण तो बापडा आपल्या रोजच्या रस्त्याने रोजच्या कामाला निघाला होता, त्याच्याकडे काय दोष जातो? त्या अपघाताने स्वारांना अभय मिळाले आणि गावकऱ्यांच्या बंदीचे दिवस वाढले, या दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या.

मग लोक निभावतात कसे? वेळापत्रक आधी छापून येते. त्यावर बाजारहाट, भेटीगाठी, डॉक्टरकडची फेरी बेतायची. डोंगरावर धुके उतरले की शर्यत लांबते आणि सारे बेत कोलमडतात. खरी कुरकूर असते ती याच गोष्टीची. कर्क मायकेलमध्ये काही घरांचे दार थेट रस्त्यावर उघडते. तेथे रस्ता बंद असताना पुढच्या दाराने बाहेर पडणे नाही. २००३ साली उघडलेले बेटाचे मोठे रुग्णालयही वेढ्याच्या आतच आहे. पण डग्लसजवळ पीलकडे जाणारी जुनी रेल्वे १९६८ साली बंद पडली, आणि तिच्या रुळांच्या जागेवरून शर्यतीच्या मार्गाखालून आतबाहेर करण्याची वाट करण्यात आली. आगगाडी गेली, पण बेटवासीयांना चोरवाट देऊन गेली, असे म्हणावयास हरकत नाही. काही लोक घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात; काही तर घरच भाड्याने देऊन पंधरा दिवस बेट सोडतात. ब्रॅडन येथील चर्चची मंडळी बघ्यांना चहा आणि केक विकून देवळाच्या कामास पैसे जमवतात. हे झाले हसतमुख चित्र. या मार्गावर १९११ पासून अडीचशेहून अधिक स्वार मेले आहेत, आणि त्यांतले कित्येक कोणाच्या ना कोणाच्या कुंपणापाशी मेले, हेही त्याच घरांतल्या माणसांना सोसावे लागले आहे.

२००१ साली ब्रिटनमध्ये गुरांना लाळ्या-खुरकूत रोगाची साथ आली. पाहुण्यांच्या पायांबरोबर रोग बेटावर येईल या भीतीने त्या वर्षीची शर्यत रद्द करण्यात आली. त्या वर्षी शर्यत गाईमेंढ्यांसाठी थांबली.

आजही दिवसाची शर्यत संपली की एक अधिकृत मोटार मार्गावरून फिरते. ती पुढे जाईल तसतसा मागचा रस्ता गावाला परत मिळतो, आणि ताटकळलेली माणसे आपापल्या कामाला निघतात.