तान्हुल्याचे तीन हक्क

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे १८३१ साली जन्मलेल्या सावित्रीबाई फुले आपल्याला मुलींच्या शाळेमुळे ठाऊक आहेत. परंतु १८६३ साली त्यांनी व जोतीरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, याचे स्मरण क्वचितच होते. विधवेने तेथे निर्धास्तपणे बाळंत व्हावे आणि तिचे मूल जगावे, हा त्यामागील हेतू. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत या दांपत्याने दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला. तान्ह्या जिवाचा पहिला हक्क आसऱ्याचा.

दुसरा हक्क उपचारांचा. प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले. प्रथम सांगलीत काम करून ते मिरजेस गेले व १८९४ साली तेथे रुग्णालय उघडले. वानलेसवाडी आजही त्यांचे नाव सांगते. ते कॅथलिक नव्हते. त्यांचे ऋण मात्र आपल्यावरही आहे.

तिसरा हक्क आईच्या दुधाचा. पूर्वी अनेक घरांत आईचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, पिळून टाकीत आणि बाळाला मध चाटवीत. हेतू मायेचाच, पण खरवसासाठी गायीचा चीक जपणाऱ्या घराने आईचा चीक टाकावा, हे केवढे नवल! रोगांशी झुंजण्याचे बळ त्यातूनच मिळते. जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजावे आणि सहा महिने वरचे पाणीही देऊ नये, असे वैद्यकशास्त्र सांगते. ज्यांना आईचे दूध मिळत नाही त्यांच्यासाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. १९९२ च्या कायद्याने डब्यातील शिशुदुधाच्या जाहिरातींना बंदी घातली.

२०११ पासून आशा कार्यकर्ती बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन त्याची तपासणी करते. पण ज्या बाळाला घरच नाही, त्याचे काय? दिवाळीनंतर मराठवाड्यातून ऊसतोड कुटुंबे सांगली-साताऱ्याच्या फडांवर उतरतात. नोंद गावाकडे आणि बाळंतीण कोपीत, अशी त्यांची गत होते.

याच हंगामात आपला नाताळ येतो. पवित्र मरियाही प्रवासातच बाळंत झाली आणि तिला उताराशाळेत जागा मिळाली नाही. तेव्हा धर्मग्रामातील कुटुंबांनी गव्हाणी सजवण्यापूर्वी जवळच्या फडावर एकदा जाऊन यावे. तेथे बाळंतीण असल्यास आशाताईंना कळवावे, गरज पडल्यास १०२ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि आपल्या घरातील आजीबाईंनी मधाची वाटी बाजूला ठेवून नातवाला आधी आईच्या कुशीत द्यावे.