सत्र संपतांना : शाळेचा निरोप घरीं कसा पोहोंचत आला

कोणत्याहि धर्मग्रामाच्या ज्युबिलीची पुस्तिका उघडली तर तींत चर्चची इमारत, तेथें होऊन गेलेले धर्मगुरु, घंटा, वेदी आणि देणगीदार यांची हकीगत विस्तारानें आलेली असते; आणि ती यावी हें योग्यच आहे. शाळेच्या वांट्यास मात्र बहुधा दोनच ओळी येतात : अमुक सालीं शाळा सुरू झाली, अमुक सालीं तिला नवी इमारत मिळाली. आमच्या मतें शाळेचें चरित्र शोधावयाचें तर शाळा आणि घर यांच्यामध्यें जें बोलणें चाले त्यांत शोधावें. हें बोलणें वर्षभर थोडथोडें चाले, परंतु सत्र संपतांना तें एकदम पुष्कळ होई. परीक्षा कोणत्या दिवशीं, निकाल केव्हां, फी कोणाची राहिली, शाळा पुन्हां कोणत्या तारखेस उघडणार, प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गास कोणीं यावयाचें, हें सर्व शाळेनें घराला कळवावयाचें असे. तें कसें व कोणाच्या हातीं कळवीत, हें आम्ही पाहूं लागलों तों त्या शोधानें आम्हांस चारशें वर्षांहूनहि मागें नेलें.

६ मे १५४२ रोजीं संत फ्रान्सिस झेवियर गोव्यास उतरले. हातांत लहानशी घंटा घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुलांना धर्मशिक्षणास बोलावीत, ही गोष्ट आपल्यापैकीं प्रत्येकानें लहानपणीं ऐकलेली आहे. घंटा सर्वांच्या लक्षांत राहिली. त्यांची दुसरी एक युक्ति मात्र मागें पडली. त्याच वर्षीं ते दक्षिणेंत मोत्यांच्या किनाऱ्यावर परवर कोळ्यांमध्यें गेले. गांवें पुष्कळ, धर्मगुरु एक, आणि त्या धर्मगुरूला तमीळ येत नव्हती. त्यांनीं जाणत्या लोकांकडून प्रार्थना तमिळांत करवून घेतल्या, स्वतः पाठ केल्या आणि मुलांना जमवून शिकविण्यास आरंभ केला. १५ जानेवारी १५४४ रोजीं कोचीनहून रोमच्या आपल्या बांधवांस लिहिलेल्या पत्रांत ते ही सर्व हकीगत देतात. शाळेंत जें शिकलें तें मुलांनीं घरीं जाऊन आईबापांना, घरांतील इतरांना आणि शेजाऱ्यांना शिकवावें, असें त्यांनीं मुलांना सांगून ठेविलें होतें. प्रौढ माणसें दिवसा होडीवर. त्यांना गांठावयाचें तर रात्रीं चुलीपाशीं, आणि तेथें पोहोंचणारें माणूस म्हणजे घरचें मूल. शाळेचा निरोप मुलाच्या तोंडीं घरीं धाडण्याची जी रीति पुढें आपल्या सर्व शाळांत रुळली, ती या किनाऱ्यावर इतक्या साध्या अडचणींतून वापरांत आली.

ट्रेंटच्या महासभेनें १५६३ सालीं असें ठरविलें कीं, प्रत्येक धर्मग्रामांत निदान रविवारीं व सणाच्या दिवशीं मुलांना श्रद्धेचीं मूलतत्त्वें आणि देवाची व आईबापांची आज्ञा पाळणें हें शिकविलें जावें. त्यासाठीं पुस्तक हवें. आपल्या भागाला तें देणाऱ्यांत फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव सर्वांत पुढें आहे. त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें, हें सर्वश्रुत आहे. त्यांचें कोंकणी दौत्रिन ख्रिस्तांव हें लहान पुस्तक मात्र तितकें कोणी आठवीत नाहीं. तें त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनीं, १६२२ सालीं, राचोल येथें छापून निघालें. संत फ्रान्सिस यांना संतपद मिळालें तेंहि याच सालीं. मुलांना शिकविण्यासाठीं संवादाच्या रूपानें रचलेलें, असें त्या पुस्तकाच्या नांवांतच म्हटलेलें आहे. प्रश्न आणि उत्तर ही मांडणी पाठ करावयास सोपी, आणि जें पाठ झालें तें पुस्तकावांचून घरीं नेतां येतें. ज्या काळीं छापील पुस्तक घरोघर असणें अशक्य होतें, त्या काळीं ही सोय लहानसहान नव्हती.

१६८४ सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें लोकांनीं आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलावें असा हुकूम काढला. हुकूम कागदावर राहिला आणि कोंकणी चुलीपाशीं राहिली. ज्या घरीं निरोप पोहोंचवावयाचा त्या घराची भाषा सोडून चालत नाहीं, ही गोष्ट त्या हुकूमकर्त्यांना उमगली नव्हती. ती आज तरी सर्वांना उमगली आहे काय, या प्रश्नाकडे आम्ही पुढें येऊं.

आतां आपल्या वसईकडे वळूं. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली व पोर्तुगीज सत्ता गेली. परंतु श्रद्धा राहिली आणि ती एतद्देशीय धर्मगुरूंनीं सांभाळली. पुढें १८८६ पासून आपले धर्मग्राम दमणच्या धर्मप्रांतांत होते. १९२८ च्या करारानें तो धर्मप्रांत मोडून ते मुंबईकडे आले. आणि २२ मे १९९८ रोजीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. अधिकारी असे बदलत गेले, तरी रविवारचा क्रम पुष्कळ काळ एकच होता. मिस्सा लॅटिनमध्यें होई. लोक ती गुडघे टेंकून, जपमाळ हातांत घेऊन, भक्तीनें ऐकत. शब्द समजत नसत. प्रवचन आणि त्यास जोडून येणाऱ्या सूचना तेवढ्या लोकांच्या भाषेंत असत. तेव्हां सूचना सुरू झाल्या कीं मागच्या बांकांवरील माणसेंहि मान वर करीत, यांत नवल नाहीं. लग्नाच्या पुकारण्या, सणाची वर्गणी, आणि सत्र संपत आलें असेल तर शाळा. ज्याला वाचतां येत नव्हतें त्यालाहि त्या ऐकूं येत, आणि ज्यानें ऐकल्या नाहींत त्याला शेजारीण सांगे.

या सूचनांमधील निम्मा भार हजेरीचा असे. आपलीं घरें कष्टाचीं. कोणाची केळीची वाडी, कोणाचा पानमळा, कोणाचें भाजीचें वा फुलांचें शेत. बावखलाच्या पाण्यावर रहाट चालवावयाचा तर बैलामागें एक लेंकरूं हवेंच. राजेळी केळीं सोलून सुकेळीं वाळत घातलीं कीं कावळे हांकावयास कोण बसणार? कोळीवाड्यांत मासळी वाळविण्याचें काम, मिठागरांवर उन्हाळ्याचें काम. सर्वांत मोठी अडचण जूनची. शाळा उघडते आणि पाऊस पडतो, दोन्ही एकाच पंधरवड्यांत. आणि मग भाताच्या लावणीला सारें घर चिखलांत उतरतें. म्हणून मे महिन्याच्या सुटीपूर्वींच बजावून सांगावें लागे कीं पहिल्या दिवशीं मूल शाळेंत आलें पाहिजे. तें येई काय? पुष्कळदां येत नसे. आणि ज्या आईनें तें ठेवून घेतलें तिला दोष देण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं.

शाळेलाहि आपली निकड होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई इलाख्यांत खासगी शाळांचें सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालावर मोजून देत असत. परीक्षा घ्यावयास सरकारी अधिकारी येई. त्या दिवशीं मूल घरीं राहिलें कीं तेवढे पैसे बुडाले. मास्तर त्या दिवसाच्या आदल्या रात्रीं घरोघर कां फिरत, याचें हेंहि एक कारण आहे. पुढें १९२३ आणि १९४७ च्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यांनीं सक्तीचें शिक्षण आलें. परंतु कायद्याचा कागद दाखवून जेवढीं मुलें शाळेंत आलीं त्याहून अधिक चर्चच्या दारांत मास्तरांनीं बापाचा हात धरून आणलीं, असें आमचे वडील सांगत.

सत्राच्या अखेरीस आणखी एक विषय आला तो १९१० सालीं. त्यापूर्वीं प्रथम ख्रिस्तप्रसादासाठीं मुलांना दहा, बारा, चौदा वर्षांचीं होईपर्यंत थांबविण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं पडली होती. ८ ऑगस्ट १९१० च्या आज्ञापत्रानें पोप दहावे पायस यांनीं सात वर्षांच्या सुमारास, म्हणजे मुलाला समज आल्याबरोबर, तो द्यावा असें ठरविलें. एका आज्ञेनें हा विषय मोठ्या मुलांच्या वर्गांतून प्राथमिक शाळेंत येऊन पडला. पांढरा झगा कोणी शिवावयाचा, मेणबत्ती कोठून आणावयाची, कबुलीसंस्काराची तयारी कोणत्या संध्याकाळीं, हीं स्मरणपत्रें आतां दुसरी-तिसरीच्या मुलांच्या घरीं जाऊं लागलीं. आमच्या माहितीच्या अनेक घरांत आजीनें आपल्या प्रार्थना नातवाबरोबर पुन्हां पाठ केल्या, त्या याच आठवड्यांत.

आतां चिठ्ठीविषयीं थोडें. आमच्या बाळपणीं, म्हणजे १९६० नंतरच्या वर्षांत, ती छापील नसे. बाई फळ्यावर लिहीत, आम्ही वहींत उतरवून घेत असूं, आणि खालीं पालकांची सही आणावयाची. आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. वही ती दोन्ही हातांनीं धरी, उलटसुलट पाही, आणि मग आमच्यापुढें करून म्हणे, "वाच, बाबा." एका वर्षीं सहामाही संपतांना चिठ्ठींत आमच्या गैरहजेरीचे दिवस लिहावयास सांगितले होते. आम्ही सर्व चिठ्ठी खड्या आवाजांत वाचली. सुटी केव्हांपासून, शाळा केव्हां, नाताळच्या गाण्यांचा सराव केव्हां. ती एक ओळ तेवढी गाळली. आजीनें विचारलें, "एवढेंच का रे?" आम्ही म्हटलें, "एवढेंच." तिनें दिव्याच्या काजळींत अंगठा बुडवून ठसा दिला. पुढच्या रविवारीं कळलें कीं बाई आणि आजी एकाच बांकावर बसत असत, व ती ओळ आजीला चिठ्ठीच्या आधींच ठाऊक होती. तिनें आम्हांस मारलें नाहीं. पुढें मात्र आमची चिठ्ठी धाकट्या बहिणीकडून वाचून घेण्याची तिनें रीति ठेविली.

त्या जुन्या सूचना सगळ्याच गोड होत्या असें कोणीं समजूं नये. एका शाळेंत ज्यांची फी राहिली त्यांचीं नांवें वर्गांत मोठ्यानें वाचीत, आणि तीं मुलें उभीं राहत. त्यांत आमचा एक जिवलग मित्र होता. त्यानें तो निरोप घरीं कधींच सांगितला नाहीं, आणि चौथीनंतर तो शाळेंत दिसला नाहीं. निरोप मुलाच्या हातीं द्यावा, परंतु आईबापांच्या दारिद्र्याचा बोजा मुलाच्या डोक्यावर देऊं नये, एवढा विवेक तेव्हां सर्वांना सुचला नाहीं. पोप अकरावे पायस यांनीं ३१ डिसेंबर १९२९ च्या परिपत्रकांत शिक्षणाच्या बाबतींत कुटुंबाचा हक्क मूळचा आहे असें प्रतिपादिलें होतें, आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें २८ ऑक्टोबर १९६५ रोजीं आईबाप हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक होत असें पुन्हां सांगितलें. या विचाराचा आमच्या चिठ्ठ्यांच्या भाषेवर परिणाम व्हावयास वेळ लागला. "पालकांनीं लक्षांत ठेवावें" याच्या जागीं "पालकांना विनंती" हे शब्द ज्या वर्षीं आले, तें वर्ष कोणी नोंदून ठेविलें असतें तर बरें झालें असतें.

निकालाचा दिवस मात्र सर्वांच्या स्मरणांत आहे. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. त्या दिवशीं झेंडावंदन करून निकाल देण्याची प्रथा शाळांत पडली. १९५५ सालीं पोप बारावे पायस यांनीं हाच दिवस कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून ठरविला होता. राज्याचा दिवस, सुताराचा सण, मरियामातेच्या महिन्याचा आरंभ आणि हातांत प्रगतिपुस्तक, असा योग आपल्या शाळांखेरीज फारसा कोठें जुळत नसेल. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि प्राथमिक शाळेंतून "नापास" हा शब्द पुष्कळ वर्षें नाहींसा झाला. त्यामुळें त्या दिवशींचें रडें कमी झालें, हें सांगितलें पाहिजे.

आज सूचना पालकांच्या भ्रमणध्वनीवर येते. ती हरवत नाहीं, तींतील ओळ कोणी गाळूं शकत नाहीं, आणि कामावर गेलेल्या बापालाहि ती दुपारींच कळते. हे लाभ खरे आहेत. परंतु आपल्या पुष्कळ घरांतून मुलें आतां इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जातात, आणि सूचनाहि इंग्रजींतून येते. घरांत कादोडी किंवा वाडवळी बोलणारी आजी आहे. ती सूचना तिच्यापर्यंत येतच नाहीं. मुलालाहि ती ठाऊक नसते, कारण ती त्याच्या हातांतून गेलेली नसते. मराठी शाळेच्या पहिलीच्या वर्गांत बांकें रिकामीं दिसूं लागलीं आहेत, याचें दुःख आम्ही अनेकांच्या तोंडून ऐकलें आहे. त्या बांकांबरोबर चुलीपाशीं बसून मोठ्यानें वाचला जाणारा निरोपहि गेला, याची नोंद कोठें तरी असावी म्हणून हें लिहिलें. इंग्रजी शिकूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. आमचीं स्वतःचीं नातवंडें तीच शिकतात. सत्राच्या अखेरची एक चिठ्ठी मराठींत निघावी आणि ती मुलानें घरीं मोठ्यानें वाचावी, एवढी आमची मागणी आहे. मुख्याध्यापिकांपाशीं ती आम्ही केलीहि आहे, आणि त्यांनीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं तसें करून पाहण्याचें कबूल केलें आहे.

जातां जातां व्यवस्थापक मंडळाच्या वतीनें एक स्मरण : ही पुस्तिका शाळेंतील मुलांच्या हातीं घरोघर पाठविण्याचें ठरलें आहे. तिचें मूल्य मुलांकडे देऊं नये. तें रविवारच्या मिस्सेनंतर कार्यालयांत द्यावें, आणि ज्यांना देणें शक्य नसेल त्यांनीं पुस्तिका तशीच ठेवून घ्यावी.