दख्खनची शेती

दख्खनच्या पठारावरील शेतीचा माग किमान साडेतीन हजार वर्षे मागे जातो. सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी आणि बेभरवशाचा. त्यामुळे पाणी आणायचे कसे आणि वाटून घ्यायचे कसे, या दोन प्रश्नांनीच इथल्या शेतीला वळण दिले.

प्राचीन काळ : पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे, घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या या कामातून इ.स.पू. सुमारे १६०० ते ७०० या काळातील ताम्रपाषाणयुगीन खेडे उजेडात आले. सातू हे तेथील मुख्य पीक. जोडीला गहू आणि मसूर. घराघरांत धान्य साठवण्याची बळदे होती. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराला लागून धान्याचे कोठार होते. हे घर गावप्रमुखाचे असावे, असे संशोधक मानतात. पुराचे पाणी वळवण्यासाठी गावकऱ्यांनी बांध घालून पाट खणला होता. इ.स.पू. १०००नंतर हवामान कोरडे होत गेले, तशी चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकार व पशुपालनावरची भिस्त वाढली.

नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळचा, इ.स.च्या तिसऱ्या शतकातील लेख आहे. त्यात कुंभार व तेली यांच्याबरोबरच जलयंत्रे करणाऱ्या कारागिरांच्या श्रेणीचाही उल्लेख येतो.

मध्ययुग : निजामशाहीत मलिक अंबरने (मृत्यू १६२६) आणि नंतर शिवकाळात अण्णाजी दत्तोंनी जमीनमहसुलाची घडी बसवली.

पाणीवाटपाची सर्वांत पक्की व्यवस्था मात्र खानदेश व बागलाणात रुजली. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर ओळीने बंधारे बांधून पाटाने पाणी शिवारात नेले जाई. शिवाराचे तीन-चार फड पाडत आणि एका फडात सगळे शेतकरी एकच पीक घेत. यंदा ऊस असलेल्या फडात पुढच्या वर्षी दुसरे पीक. कोणीही स्वतःच्या शेताचे दार स्वतः उघडायचे नाही. ते काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचे. नदी आटली की लागवडच कमी करायची आणि त्याची झळ सर्वांनी सारखी सोसायची, हा फड पद्धतीचा कणा होता.

ब्रिटिश काळ : अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. सारा चुकला नाही, कर्ज फुगले. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांचा उठाव झाला. तो भोवताली पसरला. जमावाचा रोख सावकारांकडच्या कर्जरोख्यांवर होता. १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात, पाणी जमिनीत मुरावे म्हणून लष्करी शिपाई व पोलीस यांच्याकडून ताली-बंधारे बांधून घ्यावेत, अशी सूचना केली.

विसावे शतक : १९२६ मध्ये प्रवरेवरील भंडारदरा धरण पूर्ण झाले. कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस पसरला आणि लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला गाळप हंगाम १९५०–५१ मध्ये झाला. पुढे संकरित ज्वारी, वीजपंप आणि खोल विहिरी आल्या. उत्पादन वाढले, तसा भूजलाचा उपसाही वाढला.

१९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला. भूमिहीनांनाही हक्क मिळाला, उसाला मनाई झाली. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारात आज पावसाच्या नोंदींवरून गाव पाण्याचा ताळेबंद मांडते, पिके त्यानुसार ठरतात आणि शेतीसाठी कूपनलिका घेण्यास बंदी आहे. ठिबक आणि शेततळी वाढूनही महाराष्ट्रातील बहुतांश शेती अजून कोरडवाहूच आहे.