गोंधळ : थेट सादरीकरण व ध्वनिमुद्रण

लग्नानंतर किंवा नवस फेडताना कुलदेवतेच्या नावाने रात्री घातला जाणारा विधी. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे त्याचे एक मुख्य पीठ. गोंधळ्यांमध्ये कदमराई तुळजाभवानीचे आणि रेणुराई माहूरच्या रेणुकेचे उपासक मानले जातात. चौक भरून घट मांडला, दिवटी पेटली, की देवदेवतांना आवतन देऊन नाईक, म्हणजे मुख्य गोंधळी, आख्यान लावतो. साथीला संबळ, तुणतुणे आणि झांज. तुणतुण्याला तार एकच. लाकडी नळकांड्याच्या कातडी तळातून निघून ती बाजूच्या काठीवरच्या खुंटीला जाते आणि बोटाने छेडली की रात्रभर तोच एक स्वर देत राहते. संबळ कमरेला बांधून काठ्यांनी वाजवतात. त्याचा ठणका अंगणाबाहेर पोहोचतो, तुणतुण्याचा स्वर मात्र गाणाऱ्याच्या कानापुरता. उघड्या अंगणात, विजेविना, कुणाला काय ऐकू यायला हवे याचा हिशेब या जोडीत आहे.

अशा विजेविना वाजणाऱ्या संगीताला अलीकडे ‘अनप्लग्ड’ म्हणण्याची रीत पडली आहे. पण तो शब्द गोंधळाला लावण्याआधी तपासून घ्यावा. निर्वाणा या अमेरिकी रॉक बँडने १८ नोव्हेंबर १९९३ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रेक्षकांसमोर केलेले ‘अनप्लग्ड’ ध्वनिमुद्रण १ नोव्हेंबर १९९४ रोजी अल्बम म्हणून आले. त्याआधीच, एप्रिलमध्ये, गायक कर्ट कोबेनचे निधन झाले होते. या प्रकारातला मानदंड समजल्या जाणाऱ्या या अल्बमला पुढे ग्रॅमीही मिळाले. गंमत अशी, की त्यातली कोबेनची गिटार पिकअपमधून ॲम्प्लिफायरला जोडलेली होती. म्हणजे वीज तिथेही होती. तरी अल्बम जिवंत वाटतो, कारण गाण्यांमधले बोलणे, टाळ्या, किंचित अडखळणे त्यात राहिले आहे. थेटपणाची खूण तारेच्या अभावात शोधू नये. समोरच्या माणसामुळे गाणे बदलते का, हे पाहावे.

ही कसोटी लावली तर गोंधळाबद्दलची नेहमीची तक्रार सैल पडते. माइक आला, कीबोर्ड आला, आता गोंधळ कुठला उरला, असे म्हटले जाते. कीबोर्डने तुणतुण्याचा स्वर बुडतो, हे खरेच. पण नाईक आख्यान सांगत असताना जोडीदार मध्येच आडवा प्रश्न टाकतो, नाईक त्याला उत्तर देतो, श्रोते हसतात आणि कथा पुढे सरकते, तोवर माइकने काही बिघडत नाही. शिवाय रूप बदलत आलेलेच आहे. सध्याच्या धाराशिवच्या सीमेपलीकडे असलेल्या कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त ‘गोंडली’ नावाचे नृत्य येते. आजच्या गोंधळाचे नाते त्याच्याशी जोडायचे असेल, तर मधल्या शतकांतला बदलही पदरात घ्यावा लागतो. उलट ‘सावरखेड : एक गाव’ (२००४) या चित्रपटातले अजय-अतुल यांचे भवानीचे गाणे गोंधळाच्या बाजाने दणदणीत वाजते, पण ते गोंधळ नव्हे, गोंधळाच्या चालीचे चित्रपटगीत म्हणूनच ते ऐकावे.

अधिक वजनदार आक्षेप वेगळा आहे : गोंधळ मुळात कुळाचार, घराचा घट आणि घरची माणसे सोडून त्याचा अल्बम कशाला? विधी अल्बममध्ये मावत नाही, हे मान्यच करावे लागते. पण त्यावरून ध्वनिमुद्रण निरर्थक ठरत नाही, ते कसे करावे एवढे ठरते. नाईकाचे पद तोडून पाच मिनिटांत बसवले, की जोडीदाराचा प्रश्न सर्वांत आधी कापला जातो, कारण छापील पदात तो नसतोच. त्यानंतर जाते ती बुधलीतले तेल दिवटीवर घालेपर्यंतची थांबलेली जागा, जिथे गाणे नसते आणि संबळ तेवढा हलक्या हाताने चालू असतो.